एका ठिपक्यासाठी कुवेत

कुवेतला फिरायला चालले आहे असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. दुबई म्हटलं की लोक खरेदीची यादी हातात देतात, सिंगापूर म्हटलं की हेवा करतात, आणि कुवेत म्हटलं की आवाज खाली आणून विचारतात, "कोणी आजारी आहे का?" आजारी कोणी नव्हतं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, तिथे एका पेट्रोकेमिकल प्लांटवर इंजिनिअर आहेत. तिथल्या मराठी मंडळींनी त्यांचा जाहीर सत्कार ठरवला होता. कारण प्लांटचं नव्हतं. भाऊजी गेली अकरा वर्षं, दर गुरुवारी रात्री, वाळवंटात जाऊन एकाच दीर्घिकेचा उजेड मोजत आले आहेत. ताईचा फोन आला, "तू ये गं. मला एकटीला इतकं कौतुक झेपायचं नाही." मी त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

ज्यांना तिथे जायचं आहे त्यांच्यासाठी: व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळाला, मुंबईहून विमान चार तासांच्या आत पोचवतं, आणि फेब्रुवारी उत्तम. दिवसा हलकं ऊन, संध्याकाळी स्वेटर. जूनमध्ये जाणाऱ्यांना माझ्याकडून शुभेच्छा. दिनारचे रुपये करत बसू नका. पाण्याच्या बाटलीलाही हात आखडतो आणि मग सहल होत नाही, नुसता गुणाकार होतो.

ताईचं घर सालमियात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. खाली बकाला, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान. तिथे कढीपत्ता, मटकी, आपल्याकडचं पोह्यांचं पाकीट, सगळं मिळतं. शेजारी केरळी, वर गुजराती, समोर इजिप्शियन. पहिल्या दिवशी मी एकटीने बसने समुद्राकाठच्या रस्त्याने शहरात जाऊन आले. शहराची खूण असलेले ते निळे गोल मनोरे बघितले, मासळी बाजारात झुबैदी नावाच्या माशाचा भाव विचारला आणि शांतपणे परत ठेवला. तो आपल्या पापलेटासारखाच दिसतो, फक्त स्वतःला जास्त समजतो. संध्याकाळी करक चहा प्यायले. हा आपला चहाच, दूध आटवून आणि वेलची घालून, पण कागदी पेल्यात दिला की त्याचं नाव बदलतं.

रात्री भाऊजींनी मला बैठकीत बसवलं आणि दीर्घिका समजावली. तुम्हालाही थोडं समजून घ्यावं लागेल, कारण माझी पुढची सगळी सहल तिच्याभोवतीच फिरली. आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे असंख्य समूह आकाशात आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. त्यातल्या काही सक्रिय असतात. त्यांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असतं आणि ते आजूबाजूचा वायू गिळत असतं. कधी जास्त गिळतं, कधी कमी, त्यामुळे केंद्रातला उजेड वाढतो आणि घटतो. पण ठरलेल्या चालीने नाही. आठवड्यात वाढेल, दोन वर्षं झोपेल, मग पुन्हा उठेल. त्यामुळे तिचं काही कळायचं असेल तर वर्षानुवर्षं तिच्याकडे बघत राहावं लागतं. मोठ्या वेधशाळांना एकीसाठी इतका वेळ नसतो. मग जगभरचे हौशी लोक मोजतात आणि आकडे पाठवतात.

"आणि मोजता कसं?" मी विचारलं.

"तुलनेने," भाऊजी म्हणाले. "शेजारी एक स्थिर तारा घ्यायचा. त्याचा उजेड माहीत असतो. दीर्घिका त्याच्यापेक्षा किती कमी किंवा जास्त ते कॅमेरा सांगतो. तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत."

तिसरं दशांश स्थळ हा भाऊजींचा कुलदेव आहे. ते भातात मीठही तसंच घालतात. मी फोटो बघायला मागितला तर त्यांनी लॅपटॉपवर एक धुरकट ठिपका दाखवला. माझी भाची सई सोफ्यावरून मान न वळवता म्हणाली, "मावशी, डोन्ट वेट फॉर मोअर. दॅट्स इट. दॅट्स द होल थिंग."

त्या ठिपक्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. भाऊजी तिला 'ती' म्हणतात. "ती आज मंद होती," असं नवरा सकाळी चहा घेताना सांगतो तेव्हा बायकोने काय म्हणायचं असतं हे ताईला अकरा वर्षांत कळलेलं नाही. पण या वेळी प्रकरण मोठं होतं. युरोपातला एक संशोधकांचा गट भाऊजींची अकरा वर्षांची मालिका आपल्या शोधनिबंधात घेणार होता. केंद्र उजळलं की भोवतीचा वायू किती दिवसांनी उजळतो यावरून ते कृष्णविवराचं वजन काढतात, आणि त्यासाठी सलग आकडे लागतात. महिनाअखेरीला आकडे पक्के व्हायचे होते. लेखकांच्या यादीत भाऊजींचं नाव असणार होतं. ताईने ते नाव छापून येण्याआधीच चौकट बघून ठेवली होती.

गुरुवार आला. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, म्हणून गुरुवारची रात्र भाऊजींची. दुपारी चारला आम्ही निघालो. ताईने दशम्या, लसणाची चटणी आणि जवळच्या बेकरीतले गरम खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, बांधून दिले आणि स्वतः घरीच थांबली. रस्ते सुरेख, सहा-सहा पदरी. गाडी चालवणारे असे की देव आठवावा. जहराच्या अलीकडे अम्गरा लागतं. तिथे भंगाराची आवारं, पाइपांचे ढीग, पत्र्याची वर्कशॉपं. ज्याला कुवेतच्या चकचकीत बाजूचा कंटाळा आला असेल त्याने तिथे जावं. सगळ्या मॉलांचं सामान शेवटी इथेच येऊन पडतं.

अम्गराला आम्ही परबांना घेतलं. परब मालवणकडचे, पन्नाशीचे, वेल्डर-फिटर. वीस वर्षं कुवेतमध्ये, कुटुंब गावी, स्वतः वर्कशॉपमागच्या खोलीत. दुर्बीण ज्यावर बसते आणि फिरते तो सगळा लोखंडी सांगाडा त्यांनी अकरा वर्षांपूर्वी भंगारातून बनवला. पहिल्या रात्री तो डुगडुगला म्हणून भाऊजींनी त्यांना सोबत नेलं, तेव्हापासून ते दर गुरुवारी जातात. पिकअप त्यांची, वजन उचलणं त्यांचं, वाळूत चाक रुतलं तर खणणंही त्यांचं. भाऊजी त्यांची ओळख करून देताना म्हणाले, "हे परब. माझे मदतनीस." परबांनी मान हलवली आणि माझी पिशवी पुढच्या सीटवर ठेवून स्वतः मागे बसले. भाऊजींची गाडी वर्कशॉपसमोर राहिली आणि पिकअप भाऊजींनीच चालवली, कारण परब हळू चालवतात असं त्यांचं मत आहे.

सालमी रोडने पश्चिमेला तासभर जायचं. एकटं-दुकटं जाऊ नका, रस्ता सोडल्यावर माहीतगार सोबत हवाच. फेब्रुवारीत निम्मं कुवेत तंबू ठोकून वाळवंटात मुक्कामाला असतं, आणि तंबूही कसले, जनरेटर, रंगीत दिव्यांच्या माळा आणि मोठा टीव्ही. शांततेसाठी घरून निघालेले लोक घरचा सगळा गोंगाट बरोबर नेतात. भाऊजी प्रत्येक माळेकडे बघून दात-ओठ खात होते.

वाटेत ते खुशीत आले. "गंमत सांगतो. या युरोपवाल्यांचं दोनदा पत्र आलं. म्हणे तुमचे आकडे इतरांशी जुळत नाहीत, काही महिने वर जातात, काही महिने खाली. मी लिहिलं, तुमच्याकडे ढग, आमच्याकडे कोरडं वाळवंट. तुमचेच तपासा."

"मग?"

"मग काय? गप्प बसले."

हे सांगणारा माणूस पुण्याचा आहे हे मी वेगळं लिहायला नको. मागच्या सीटवर परब खिडकीबाहेर बघत होते.

दिवे संपले तिथे थांबलो. तासाभरात सांगाडा उभा राहिला, मोठी दुर्बीण चढली, कॅमेरा लागला. ती साडेआठच्या सुमारास उगवते, पण चांगली वर यायला अकरा वाजतात. तोवर दशम्या, थर्मासमधला चहा आणि थंडी. मी दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी घालूनही कुडकुडत होते. ज्यांना वाळवंट म्हणजे ऊन वाटतं त्यांनी फेब्रुवारीत तिथे रात्री अकराला उभं राहावं. अकराला कॅमेरा चालू झाला. भाऊजी पिकअपमध्ये लॅपटॉप घेऊन बसले, आत हीटर लावला आणि खिडकीतून आवाज दिला, "परब, टॉर्च नको." परबांच्या हातात टॉर्च नव्हती.

कॅमेरा आपोआप एकामागून एक फ्रेम घेतो. बघायला काहीच नसतं. वाळवंटात इतक्या लांब येऊन गाडीत बसून पडद्यावरचे आकडे बघणं ही करमणूक माझ्याच्याने होईना. परब वीस पावलांवर एका जुन्या दुर्बिणीशी बसले होते. ती भाऊजींचीच पहिली, टाकून द्यायच्या ऐवजी त्यांना दिलेली. त्यांना कॅमेरा नाही, ते नुसत्या डोळ्याने बघतात. खाली वाळूत एक वही आणि तिच्यावर, डोळे दिपू नयेत म्हणून काचेला लाल कागद लावलेली, बारीक बॅटरी.

"ताई, हय येवा. बघतास?" ते म्हणाले.

मी डोळा लावला. आधी काही दिसेना, मग हळूहळू तीन तारे आणि त्यांच्या मधोमध एक पुसट डाग.

"वरचो थोरलो. हो मधलो. खालचो धाकलो. आणि तो जो धुरकट ठिपको दिसता, ती साहेबांची."

ताऱ्यांना परबांनी दिलेली ही नावं. मधला म्हणजे भाऊजींचा तुलनेचा तारा, ज्याच्यावर अकरा वर्षं सगळी मोजणी उभी आहे.

"आता सांगा, मधलो उजळ की धाकलो?"

मी बराच वेळ बघितलं. "सारखेच वाटतात."

"माकाव तसाच दिसता. पण नकाशात मधलो उजळ दाखवलेलो असा. गेल्या शिमग्याआधी तो खराच उजळ व्हतो. दिवाळीपासून खाली येता आसा. दर दीड-दोन वर्षांनी असाच करता."

"तारा कमी-जास्त होतो?"

"होता. सगळेच काय गप बसणत नाय."

"भाऊजींना सांगितलंत?"

"चार-पाच खेपेक सांगलंय," परब वहीवरची वाळू झटकत म्हणाले. "ते म्हणतत, परब, डोळो फसयता, कॅमेरो फसयणा नाय. ते शिकलेले. मी गप रवलंय. पण लिवान ठेवतंय."

वहीत ओळीने नोंदी होत्या. मी अक्षर वाचायचा प्रयत्न केला. 'माघ व. ११' एवढंच लागलं, पुढे खुणाच खुणा. तारखेऐवजी तिथी कशाला, असं विचारलं. परब म्हणाले, तारखेवरून चंद्र कळत नाही, तिथीवरून कळतो, आणि चांदणं असलं की डोळ्याच्या नोंदीवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवावं लागतं. भाऊजी या तिथ्यांची चेष्टा करतात हे मी आदल्या रात्रीच ऐकलं होतं. "परब तारे पंचांगात बघतात," असं ते हसत म्हणाले होते आणि मीही हसले होते.

मी पिकअपकडे गेले आणि काच वाजवली. हीटरची ऊब बाहेर जाईल म्हणून त्यांनी ती बोटभर उघडली.

"भाऊजी, मधला तारा मंद झालाय म्हणतात."

"परबांनी तुझ्याही डोक्यात भरवलं का?" आणि मग व्याख्यान. तो तारा तांबूस आहे, तांबूस ताऱ्याकडे माणूस जास्त वेळ बघत राहिला की तो उजळ भासतो, अंधारात डोळा असा वागतो, थंडीत तसा वागतो. सगळं खरं असणार. मला फक्त एक कळेना.

"मग डोळ्याला कशाला विचारायचं? तुमच्या कॅमेऱ्याच्या फोटोत तिन्ही तारे आहेत ना? मधला आणि धाकटा, दोघांत किती फरक आहे ते त्यालाच विचारा."

"त्याची गरज नाही. प्रोग्राम एकच आकडा काढतो, तिचा आणि मधल्याचा."

"पण काढता येईल?"

"येईल," ते म्हणाले, आणि मला एकदाची गप्प करायला त्यांनी तो काढला.

नकाशाप्रमाणे दोघांत अर्ध्या प्रतीचा फरक हवा होता. प्रत म्हणजे ताऱ्यांच्या उजेडाचं माप. आला एक दशांशाच्याही खाली. भाऊजींनी दुसरी फ्रेम घेतली. तोच आकडा. मग थोरला आणि धाकटा ताडून बघितले. ते नकाशाशी तंतोतंत जुळले, तिसऱ्या दशांशापर्यंत. म्हणजे हललेला एकटा मधला. भाऊजींनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि तिसऱ्यांदा मोजलं. मग हीटर बंद केला. का ते मला कळलं नाही.

दीर्घिका वर-खाली होते असं ते अकरा वर्षं लिहीत होते, त्यातलं किती तिचं होतं आणि किती या ताऱ्याचं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. मोजपट्टीच लांब-आखूड होत होती. युरोपातल्या लोकांची ती दोन पत्रं बरोबर होती.

"जुन्या फ्रेम काढा ना," मी म्हणाले. "दुसऱ्या ताऱ्याशी पुन्हा मोजा."

"फ्रेम गेल्या दिवाळीपासूनच्याच आहेत." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "डिस्क भरायची. आकडा काढला की फ्रेम ठेवून काय करायचंय, म्हणून मी पुसत गेलो."

मग जरा सावरून म्हणाले, "पहिली दोन वर्षं तरी स्वच्छ आहेत. तेव्हा मी पडताळणीला धाकटा घेत होतो. पुढे वेळ वाचवायला बंद केलं. म्हणजे चुकली ती नऊ वर्षं."

मी त्यांची थट्टा करायलाच कुवेतला गेले होते, हे कबूल करते. पण त्या वेळी मला त्यांची फार दया आली. परब दोन पेल्यांत चहा घेऊन आले, भाऊजींचा चेहरा बघितला, लॅपटॉप बघितला, आणि त्यांना सगळं समजलं असावं. "साहेब, च्याय घेवा. थंड होतली," एवढंच बोलले. परत येताना पिकअप परबांनी चालवली. अगदी हळू.

दुसऱ्या दिवशी सत्कार. रिग्गईतल्या एका हॉटेलचा हॉल, दोनशेच्या आसपास माणसं, नऊवाऱ्या, पैठण्या, फेटे. गावी लग्नातही इतके फेटे दिसत नाहीत. जेवणात मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, चव अस्सल. व्यासपीठामागे भिंतभर फलक, त्यावर भाऊजींचा फोटो, खाली 'खगोलमहर्षी', आणि उजवीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांचा अकरा वर्षांचा आलेख. लाल रेषा चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. सूत्रसंचालक बाईंनी ती कृष्णविवराची हृदयस्पंदनं असल्याचं सांगितलं. मला कळत होतं की त्यातले निम्मे ठोके भलत्याच ताऱ्याचे आहेत.

भाऊजी बोलायला उभे राहिले. मी वाट बघत होते. त्यांनी भाषण काढलं, घरी लिहिलेलं, आणि ते जसंच्या तसं वाचलं. हे शिखर, ही दरी, इथे ती जागी झाली. एक शब्द बदलला नाही. मधेच फलकाचा एक कोपरा चिकटपट्टी सुटून लोंबायला लागला. परब शेवटच्या रांगेतून उठले, पुढे आले, आणि भाषण संपेपर्यंत अर्धा तास हात वर करून तो कोपरा धरून उभे राहिले. आलेख खोटा आहे हे हॉलमध्ये चौघांना माहीत होतं. त्यातला एक तो वाचत होता, एक धरून उभा होता, ताई पहिल्या रांगेत बसली होती, आणि मी जिलबी खात होते. शेवटी भाऊजींना शाल-श्रीफळ आणि परबांना 'मोलाच्या मदतीबद्दल' एक गुलाब. परबांनी तो खिशाला लावला.

गाडीत मला राहवेना. म्हटलं, तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत.

"दोनशे माणसांना पडताळणीचा तारा समजावत बसू? त्यांना जेवायचं होतं."

"त्यांना नका सांगू. पण युरोपला?"

"महिनाअखेर आहे अजून. बघू. त्यांनी सगळे आकडे सरासरीत घेतले तर कदाचित फरक पडणारही नाही."

ताई पुढच्या सीटवर शाल मांडीवर घेऊन बसली होती. आदल्या रात्री वाळवंटातून परतल्यावर आम्ही तिला सगळं सांगितलं होतं. आता समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "अकरा वर्षं मी दर गुरुवारी एकटी जेवले. सईच्या तापातसुद्धा. ते खोट्या आकड्यांसाठी जेवले असं मला वाटायला नको. पत्र लिहा."



शनिवारी सकाळी भाऊजी म्हणाले, अम्गराला जाऊ. परबांची खोली म्हणजे एक खाट, एक शेगडी, देवाचा फोटो आणि भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर. खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत वह्या होत्या. भाऊजी दारात उभे राहिले. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच इथपर्यंत आले होते, कारण दर वेळी हॉर्न वाजवला की परब बाहेर येत.

"परब, मधल्याच्या किती नोंदी आहेत तुमच्याकडे?"

"मोजूक नाय. पण जितक्या खेपा गेलो तितक्या असत."

भाऊजी रात्रभर हिशेब करून आले होते, ते त्यांनी तिथेच मला सांगितलं. त्यांचे आकडे मधल्याच्या तुलनेत होते, ते पुसले गेले नव्हते. मधला कोणत्या रात्री किती वर किंवा खाली होता एवढं कळलं, तर प्रत्येक आकडा दुरुस्त करता येईल. तिसऱ्या दशांशापर्यंत नाही. पहिल्यापर्यंत. आणि ते सांगणारी जगात एकच गोष्ट त्या पेटीत होती. त्यांनी हात पुढे केला. परबांनी वही दिली नाही, आपल्या गुडघ्यावर ठेवली.

"साहेब, ह्या अक्षर तुमका लागाचा नाय. मी वाचतंय, तुम्ही लिवा."

खोलीत दुसरी बसायची जागा नव्हती. भाऊजी रंगाच्या उपड्या डब्यावर बसले. परबांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली, "फाल्गुन शुद्ध चतुर्थी. मधलो धाकल्यापेक्षा चार मात्रा वर."

"तारीख?" भाऊजींनी विचारलं.

"तारीख तुम्ही काढा," परब म्हणाले. "माझ्या कामाची नाय."

एका ताऱ्यापेक्षा दुसरा किती पायऱ्या वर, याला परब मात्रा म्हणतात. त्यांच्या पाच मात्रा म्हणजे साधारण अर्धी प्रत, हे भाऊजींनी थोरल्या-धाकट्यावरून काढलं. दुपारपर्यंत तीन महिने झाले. मी खाटेच्या कोपऱ्यावर बसून दोघांना चहा करून दिला. परबांनी दोनदा "साहेब, चुकलास, पाच नाय, चार" म्हणून थांबवलं, आणि भाऊजींनी खोडून पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी परतले. विमानतळावर खजूर घ्यायचे असतील तर आधी जमियातून, म्हणजे वस्तीतल्या सहकारी भांडारातून घ्या. विमानतळावर तेच खजूर श्रीमंत होतात. हाताशी काय राहिलं म्हणाल तर खजूर संपले, सर्दी आठवडाभर पुरली, आणि आता रात्री गच्चीवर गेले की एखाद्या ताऱ्याकडे बघून वाटतं, हा तरी जागेवर आहे का. नाशिकच्या आकाशात फारसं काही दिसत नाही. तरी बघते.

ताईकडून कळत राहतं. युरोपला पत्र गेलं, चार मसुद्यांनंतर. त्यांनी आपला निबंध थांबवला आहे आणि डोळ्याने नोंदी करणाऱ्या निरीक्षकाचं पूर्ण नाव कळवायला सांगितलं आहे. भाऊजी आता शुक्रवारीही अम्गराला जातात, लिहून घ्यायला. ताईही डबा घेऊन सोबत जाते. दीर्घिकेचा खरा आलेख अजून पूर्ण व्हायचा आहे. जेवढा झाला त्यात काही शिखरं सपाट झाली आहेत आणि जिथे काहीच नव्हतं तिथे एक उंच शिखर निघालं आहे.

हा लेख छापण्याआधी मी भाऊजींना पाठवला. महर्षी, हीटर, जिलबी, सगळं होतं तसंच. मला वाटलं होतं, आता आपलं बोलणं बंद होणार. दोन दिवसांनी परत आला. थट्टेच्या एकाही ओळीला हात लावला नव्हता. फक्त वाळवंटातल्या 'म्हणजे चुकली ती नऊ वर्षं' या वाक्याखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं. मी वरचा मजकूर तसाच ठेवला आहे आणि त्यांचं लिहिलेलं खाली देते आहे.

"नऊ नाही, अकरा. पहिल्या दोन वर्षांत धाकटा दर वेळी सांगत होता की मधला हलतो आहे. मी धाकट्यालाच बिघडलेला ठरवलं आणि काढून टाकला. वेळ वाचवायला काढला असं त्या रात्री तुला म्हणालो, ते खोटं होतं. हेही छाप."